तीन खेपा

तिने पिवळं कार्ड टेबलावर असं आपटलं, की आकडेमास्तरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"माझ्या आईचं कार्ड. नंबर एकेचाळीस. त्याच्यापुढे तुमच्या वहीत काय लिहिलंय ते दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, खांद्याला बॅग, नाकपुड्या फुगलेल्या. नेमकी आजच! दुपारी चारला अहवाल जायचा होता. एचआयव्ही असलेल्या बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर इतरजणींपेक्षा लवकर गाठतो. वर्षातून एकदा साधी, स्वस्त तपासणी केली तर त्या वाचतात का? एवढा एकच प्रश्न घेऊन बाई तिशीत या खोलीत शिरल्या होत्या आणि केस पांढरे करून बसल्या होत्या. उत्तर 'हो' आलं होतं. तीनशे बायका, कॅन्सरने मृत्यू फक्त नऊ. त्या नऊच्या भरवशावर आता सगळ्या दवाखान्यांत हीच तपासणी सुरू व्हायची होती.

"बस ना बाळ."

"बाळ म्हणू नका. आणि बसायला नाही आले मी."

आकडेमास्तर बावीस वर्षं बाईंची आकडेमोड सांभाळत होते. ते बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाले, "अहो, बाहेरच्यांना वही दाखवता येत नाही. नियम आहे."

"तुमचे नियम तोंडपाठ आहेत मला. बाई तपासणीला आली नाही, की घरी माणूस पाठवायचं. दारात आजाराचं नाव काढायचं नाही. 'मी शिवणक्लासमधली मैत्रीण, बाई आहेत का?' एवढंच विचारायचं. तीन खेपांना 'नाही' आलं, की मारली काट. बरोबर?"

अगदी बरोबर. नियम डॉक्टरीणबाईंचाच होता आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. त्याच्यामुळे आजवर एकीचंही गुपित फुटलं नव्हतं. त्यांनी वही उघडली. एकेचाळीस. संपर्क तुटला.

"तिन्ही वेळा दार मी उघडलं होतं," मुलगी म्हणाली. "अकरा वर्षांची होते. आई आहे का? नाही. खरंच नव्हती हो! पहिल्या खेपेला हॉस्पिटलात होती, पुढच्या दोन खेपांना कुठेच नव्हती. तुमची शिवणवाली 'बरं बरं' म्हणत जिना उतरली. कुठे गेली तुझी आई, एवढं विचारायला जीभ झडली असती का?"

"कशाने गेल्या?"

"तुम्ही दरवर्षी तपासून 'सगळं छान आहे' म्हणत होतात ना, त्यानेच."

आकडेमास्तर खाकरले. "वाईट झालं. पण एकीने काय फरक पडतो? नवाच्या दहा. निष्कर्ष जागचा हलत नाही."

"मास्तर," बाई वहीवरून नजर न काढता म्हणाल्या, "संपर्क तुटलेल्या एकूण किती?"

"एकसष्ट."

मुलगी फिस्सकन हसली. "वाटलंच. पेपरात तुमचा फोटो पाहिला. फक्त नऊ म्हणे! घ्या लिहून. सव्वीस मावशी गेली. आठ मावशी गेली. त्रेपन्न आजी, ती तर आईच्याही आधी."

"नंबर कसे काय माहीत तुला?"

"इथल्या बाकावर बसल्यावर एकमेकींना नाव सांगायचं नाही, हाही नियम तुमचाच. मग बायकांनी नंबरांशीच नाती लावली. आईबरोबर आले, की सव्वीस मावशी माझ्या वेण्या घालायची. आई गेल्यावर मला ह्यांनीच वाढवलं, तुमच्या संपर्क तुटलेल्यांनी. सतरा मावशी. चौऱ्याऐंशी मावशी."

बाई पानं उलटत होत्या. संपर्क तुटला. संपर्क तुटला. तेच वळणदार अक्षर, तीच निळी शाई.

"जरा हळू सांग."

"का? खोडरबर शोधताय?"

आईसकट अकरा नंबर झाले. सगळ्या त्याच दुखण्याने गेलेल्या, आणि सगळ्यांचे दवाखान्याचे कागद तिच्या बॅगेत. आकडेमास्तरांनी नवात अकरा मिळवले आणि पेनाचं टोपण लावलं. "आणि ह्या फक्त मला माहीत असलेल्या बरं का," मुलगी म्हणाली.

"सोळा?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. सोळा नंबर तपासणीच्या टेबलावर आडवी पडूनही असा काही टोला हाणायची, की बाईंचा हात हसून थरथरायचा. वहीत तिच्यापुढेही तीन खेपा, तीन नकार.

"ती आहे."

"मग घरी नव्हत्या का?"

"होती की. तिन्ही वेळा दार तिनेच उघडलं. कॅन्सरच्या औषधांनी केस गेलेले, अंग निम्म्यावर आलेलं. इथे तिला दरवर्षी बघणारी तुमची शिवणवाली तिच्याच तोंडाकडे बघून विचारते, 'बाई आहेत का?'"

आकडेमास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"नाही म्हणाली. काय म्हणणार?" मुलीने कार्ड उचलून बॅगेत टाकलं. "खाली पायरीवर बसलीय. रस्ता दाखवायला आली होती. वर येत नाही म्हणते."

"बाई," आकडेमास्तर हलकेच म्हणाले, "चारला वीस मिनिटं कमी आहेत."

"आज काही जाणार नाही, मास्तर."

बाई वही छातीशी धरून जिना उतरल्या. शेवटच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, डोक्याला रुमाल, पाठ भिंतीला. मुलीने सांगितलं नसतं, तर बाई तिच्या शेजारून तशाच पुढे गेल्या असत्या.

म्हातारीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं, आणि ती तसूभरही सरकली नाही.