अर्धीच तापणारी काच

मी एक जुनी काच आहे. मित्रांनो, आरशाची किंवा खिडकीची नव्हे, एका थोराड जीपची पुढची काच. सध्या मी एका गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी आहे आणि माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक चीर गेली आहे. भंगारवाला येईपर्यंत मला दुसरं काही काम नाही, म्हणून सांगते. ऐकून बरं वाटेल असं मात्र माझ्याजवळ फारसं काही नाही.

काचेचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये केसाहून बारीक तारा, अशी माझी घडण. बटण दाबलं की त्या तारांतून वीज धावते, मी तापते आणि माझ्यावर साचलेलं बर्फ वितळून जातं. माझी उजवी आणि डावी अशी दोन अंगं, आणि प्रत्येकाची वायर वेगळी. कारखान्यातून निघाले तेव्हा मला याचा मोठा तोरा होता. आता तो आठवला तरी लाज वाटते.

जीपचा मालक घरं रंगवणारा रंगारी. त्याचं घर घाटाच्या अलीकडे आणि कामं घाटापलीकडच्या शहरात. हिवाळ्यात सकाळी शेजारी आपापल्या गाड्यांच्या काचा चमच्यांनी खरवडत बसायचे, आणि हा नुसतं बटण दाबून चहा प्यायला घरात जायचा. चहा संपेपर्यंत मी लख्ख. शेजारी मला पाण्यात पाहायचे, आणि रंगारी बायकोला म्हणायचा, "आपली काच म्हणजे काच आहे हो." त्या दिवसांत मला कोणी साधा ओरखडा पडू दिला नाही.

मग बायकोची किडनी गेली. एक दिवसाआड तिला शहरातल्या दवाखान्यात चार तास डायलिसिसच्या मशीनला लावावं लागे. रंगाऱ्याने आपली कामं त्याच दिवसांवर ठेवली. पहाटे दोघं निघायची, तिला दवाखान्यात सोडून तो कामावर जायचा आणि संध्याकाळी तिला घेऊन परत यायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याने गाडीची डागडुजी काढली. टापटिपीचं त्याला वेडच होतं. गंजाचा ठिपका दिसला की त्याचा हात ब्रशकडे गेलाच म्हणून समजा. माझ्या उजव्या कोपऱ्याखाली एक काळं झाकण होतं, त्याच्याखाली एक बोल्ट. माझ्या उजव्या अंगातली वीज त्या बोल्टमधूनच गाडीच्या पत्र्यात उतरायची. तिथे थोडा गंज होता. त्याने बोल्ट काढला, पत्रा घासला, रंगाचे दोन हात दिले, वाळू दिले आणि वायर पुन्हा घट्ट आवळून टाकली. काम इतकं देखणं झालं की त्याने बायकोला बोलावून दाखवलं. पण रंगातून वीज जात नाही, मित्रांनो. वायर आणि पत्रा यांच्यामध्ये त्याने स्वतःच्या हाताने भिंत घातली होती.

हिवाळा आला आणि माझं उजवं अंग गारच राहिलं. नेमकं गाडी चालवणाऱ्याच्या पुढ्यातलं. जुन्या जीपचा गरम हवेचा पंखाही आचके देत होता. घाटात चढ लागला की उजवीकडे आतून वाफ आणि बाहेरून बर्फ. डावीकडे मात्र मी स्वच्छ. तिथे बायको बसायची.

मग तीच त्याला रस्ता सांगू लागली.

"वळण आलं, उजवीकडे. हळू. आता सरळ. समोरून टेंपो येतोय, थोडं डावीकडे घ्या."

"किती लांब आहे?"

"आहे लांब. घाबरू नका, मी बघतेय."

अंगात ताकद नसलेली ती बाई पाठ ताठ ठेवून, डोळ्यांत तेल घालून बसायची. परतताना तर मशीनने तिला पार पिळून काढलेलं असायचं. तरी डोळा मिटायची नाही. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की ते झाकण उघडा, तो रंग खरवडा. पण बोलणार कुठून?

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मला आता नको वाटतं हो हे. किती दिवस त्या मशीनला टांगून राहायचं?"

तिने दोन वळणं सांगितली आणि मग म्हणाली, "पण मी घरी राहिले तर तुम्ही एकटे या घाटातून कसे जाल? जाऊ दे. चला."

त्या दिवसापासून मला माझ्या गार अंगाचा राग येईनासा झाला.

रंगाऱ्याला मात्र एवढंच दिसत होतं, की ती थकली आहे आणि आपल्यामुळे तिला झोप मिळत नाही. दवाखान्यामागच्या गल्लीत काचा बसवणारा एक मिस्त्री होता. त्याने फ्यूज पाहिला, माझ्यावर पाणी मारून कोणतं अंग सुकतं ते पाहिलं. काळं झाकणही उचललं, पण खालचा नवाकोरा रंग पाहून लगेच खाली ठेवलं. इतक्या नीटनेटक्या जागी दोष कोण शोधणार?

"आतल्या तारा तुटल्यात," तो म्हणाला. "काच बदलावी लागेल."

"बदला. तिला निदान वाटेत झोपता यावं," रंगारी म्हणाला.

नवी काच यायला तीन आठवडे गेले. ती आली त्या दिवशी बायकोला दवाखान्यात सोडून तो कामावर गेला नाही, थेट इथे, मिस्त्रीच्या गॅरेजात आला. मिस्त्रीने बारीक पोलादी तारेने माझ्या कडेचा जुना गोंद कापला. उचलताना माझा कोपरा लोखंडावर टेकला आणि ही चीर पडली. मग मला भिंतीला लावून त्यांनी नवी काच बसवली, वायरी जोडल्या, इंजिन सुरू करून बटण दाबलं.

तिचंही उजवं अंग गारच.

मिस्त्री कपाळाला हात लावून उभा राहिला. मग त्याने ते झाकण पुन्हा उघडलं, बोल्ट काढला आणि चाकूच्या टोकाने रंग खरवडला. चमकता पत्रा वर आला. बटण दाबताच नवी काच दोन्ही बाजूंनी तापली.

"इथे रंग कोणी दिला होता?"

"मी," रंगारी म्हणाला.

"म्हणजे जुनी काच चांगली होती की हो."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

गोंद वाळेपर्यंत गाडी हलवता येत नव्हती, म्हणून तो बायकोला चाकाच्या खुर्चीवरून इथेच घेऊन आला. तिने नव्या काचेवरून हात फिरवला.

"काय निघालं मग?"

"काच खराब होती," तो म्हणाला.

खापर माझ्यावर फुटलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. तिचा सगळा हिवाळा आपण एका ब्रशाने खाल्ला, हे तो तिला कोणत्या तोंडाने सांगणार होता?

"आता सगळं दिसतं तुम्हाला?"

"सगळं दिसतं. तू मागच्या सीटवर खुशाल आडवी हो."

काचेवरचा हात तिने खाली घेतला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणजे परवा तुम्ही एकटे आलात तरी चालेल."

"असं काय बोलतेस? तू येशील ना?"

"बघू."

आज तो परवा आहे. सकाळी जीप गल्लीत आली, मिस्त्रीने कडेच्या पट्ट्या तपासायला बोलावलं होतं. रंगारी एकटाच उतरला.

"वहिनी दवाखान्यात का?" मिस्त्रीने विचारलं.

"घरी आहे. नको म्हणाली. खूप विनवलं, पण नाही ऐकलं."

मिस्त्रीने पट्ट्या दाबून पाहिल्या. शेवटी म्हणाला, "आणि काच?"

"चांगली आहे. सगळा घाट स्वच्छ दिसला."

मित्रांनो, एखादी वस्तू फेकण्याआधी तिचे जोड खरवडून पाहा, हे तर सांगायचंच आहे. पण तुमच्या घरात कोणी थकलेलं माणूस म्हणत असेल की माझ्यावाचून तुमचं अडेल, तर कृपा करून ते अडणं घाईने दुरुस्त करू नका. त्याला अडू द्या.