छत्रीतली सहा मिनिटं

धुळ्याच्या एसटी वर्कशॉपात मी तीस वर्षं पाना चालवला. बिघाड दिसला की माझे हात शिवशिवतात, आणि हात बांधून बसलेला माणूस दिसला की डोकं फिरतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लेकीसाठी एरंडोलचं स्थळ बघायला गेलो. लेक प्रज्ञाही हट्टानं सोबत आली. मुलगा समाधान, केबलचा धंदा. त्यानं साडेबाराला बोलावलं होतं, मी साडेअकरालाच दारात हजर. एसटी उशिरा सुटत असेल, मी नाही.

चहा आला आणि टीव्ही गेला. लगेच गावभरचे फोन सुरू. "सहा मिनिटांत आपोआप येईल," एवढंच सांगून समाधाननं बशीत चहा ओतला. नावाप्रमाणे अगदी समाधानानं!

मी भडकलो. "धंदा डुबी ऱ्हायना नि हाऊ चहा पी ऱ्हायना! ऊठ प्रज्ञा, चाल घर."

"काका, आधी गच्चीवर तर चला," तो म्हणाला.

वर बारा फुटी छत्री होती. तिच्या तोंडापुढच्या डब्याची सावली बरोबर छत्रीच्या मधोमध पडली होती.

"छत्री बघते तिकडंच उपग्रह आहे," समाधान म्हणाला.

"तो हलत नाही?" प्रज्ञानं विचारलं.

"पळतो! थांबला तर खालीच पडेल. छत्तीस हजार किलोमीटरवर एका फेरीला एक दिवस लागतो. पृथ्वीही तेवढ्यातच फिरते, म्हणून आपल्याला तो जागच्या जागी वाटतो. खाली असता तर भराभर फिरला असता, आणि मी छत्री घेऊन त्याच्यामागं धावत बसलो असतो."

प्रज्ञा खळखळून हसली. घरी ती अशी क्वचितच हसते.

"वर्षातून दोनदा, काही दिवस, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागं येतो. सूर्याच्या गोंगाटात याचा आवाज बुडतो. म्हणून तर तुम्हाला उशिरा बोलावलं होतं."

मी सगळे नट हलवून पाहिले. एकही सैल नव्हता. सावली मात्र आपली आपण बाजूला सरकत होती. मी खजील झालो, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

कठड्यावरचा त्याचा फोन पुन्हा वाजला. त्याच्या आधी प्रज्ञानंच उचलला.

"दोन मिनिटं थांबा. छत्री बराबर शे, उपग्रहना मांगे सूर्य उना शे."

पलीकडचा म्हातारा एवढ्या मोठ्यानं खेकसला की मलाही ऐकू आलं. "तू कोन शेस वं?"

प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मी? मी घरनीच शे."