पिपलानीतला हेमंत

"उद्या ही वांग्याची झाडं उपटायची," नीळकंठरावांनी मागच्या दारात उभं राहून जाहीर केलं. सुमित्रावहिनी तेव्हा वाफ्यात पाणी सोडत होत्या. पिपलानीतल्या आमच्या दोन क्वार्टरांच्या मध्ये नुसतं मेंदीचं कुंपण, त्यामुळे त्यांच्याकडचं भांडण आम्हाला घरबसल्या ऐकू यायचं.

"कायले उपटायची?"

"शरद ऋतू चालू आहे. वांगं पित्त वाढवतं. तिथं पडवळ लावू."

"थंडीच्या तोंडावर पडवळ? शेतकऱ्याच्या पोटी जन्मले ना तुमी? का बदलून आनलं कोनी?"

नीळकंठराव मूळचे यावलकडचे. बापाची केळीची बाग सोडून भोपाळच्या कारखान्यात आले आणि फोरमन झाले. माणूस भला, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाहेर निघायची नाही. मराठी मंडळात त्यांनी शाहपुऱ्याच्या भालचंद्र वैद्यांचं ऋतुचर्येवर व्याख्यान ऐकलं आणि घराची दशा झाली. श्रावणात पालेभाजी गेली, भाद्रपदात ताक गेलं, आश्विनात दही, लोणचं, तेल, तिखट सगळंच हद्दपार झालं. उरलं मुगाचं कढण. रात्रपाळी करून आले की घरी पोचण्याची वेळ हाच ब्राह्ममुहूर्त धरून ते तेल चोळत बसायचे. पँट पट्ट्यावर कशीबशी टिकून होती.

पण वांग्यांची गोष्ट वेगळी होती. ते बी वहिनींनी माहेराहून, बामणोदहून आणलेलं. पांढुरकी हिरवी, तान्ह्या पोराएवढी भरिताची वांगी. बियांसाठी राखलेलं एकही वांगं अजून पिकलं नव्हतं. झाडं गेली असती तर बीही संपलं असतं, आणि माहेरी आता बी देणारं कुणी उरलं नव्हतं. वहिनी त्या रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी नीळकंठराव कुदळ शोधत होते, तेव्हा वहिनी समोरच्या दुबेभाभींना घेऊन आल्या.

"सांगा भाभी, कोनता महिना चालू हाये?"

"अगहन लग गया ना! पूनम के दूसरे दिन से."

"आयकलं? अगहन म्हंजे मार्गशीर्ष. हेमंत लागला. हेमंतात वांगं चालते, तुमीच म्हनलं व्हतं."

नीळकंठरावांचा चेहरा पडला. "त्यांचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपला अमावास्येनंतर. आपला कार्तिकच आहे अजून. माझं पंचांग महाराष्ट्रातलं आहे!"

"वांगी कुठं हायेत? पानी हितलं, माती हितली, दूध हितलं, पगार हितला. पंचांगच तेवढं तिकडचं?"

हा वाद क्वार्टरांच्या ओळभर पसरला. निम्मे लोक कार्तिकात, निम्मे मार्गशीर्षात. शेवटी रविवारी वैद्यांनाच बोलवायचं ठरलं. तोवर झाडांना हात लावायचा नाही, एवढं वहिनींनी कबूल करून घेतलं.

रविवारी वैद्य स्कूटरवरून आले. सगळी ओळ अंगणात जमलेली. वहिनींनी आनंद नगरच्या शेतांकडून तुरीच्या काड्या आणून ठेवल्या होत्या. वैद्य खुर्चीत बसले आणि वहिनींनी काड्या पेटवून वर वांगी मांडली.

"अरे नीळकंठजी, पंचांग कशाला बघून राहिले तुम्ही?" वैद्य ग्वाल्हेरचे, त्यांची मराठी तिकडच्या वळणाची. "ऋतू अंगात बघायचा. सकाळी थंडी वाजते ना? बस. आता सांगा, भूख कशी आहे? कडकडून लागत असेल तर हेमंत आला समजा, जे जिरेल ते खा. नसेल लागत तर कढणच चालू द्या."

नीळकंठरावांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा जाळाकडे. वांग्याची साल तडतडून धूर त्यांच्याच बाजूला येत होता. भूक नाही म्हणावं तर कढण, आहे म्हणावं तर हार.

"लागते," शेवटी ते पुटपुटले. "श्रावणापासून लागते."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. धुरानं, असं त्या म्हणाल्या.

मग काय! लाकडाच्या खोलगट बडगीत भरीत ठेचलं गेलं, वर कांद्याची पात आणि फोडणी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या गरम भाकरी. नीळकंठराव पहिले पाटावर बसले. त्यांनी भाकरीला हात घातला, तेवढ्यात वैद्यांना आठवलं.

"एकदम नको हां! ही ऋतुसंधी आहे. जुनं पथ्य हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं. आज चतकोर भाकरी, दोन घास भरीत. शास्त्रच आहे तसं."

"शास्त्रच हाये," म्हणत वहिनींनी नवऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून तिथं चतकोर ठेवला. उरलेली वैद्यांच्या ताटात गेली.

"सुमे," नीळकंठराव हळूच म्हणाले, शहरी बोली पार विसरून, "आन ना वं थोडं. कोनी पायत नाही."

मी पाहत होतो. दयाही आली, खोटं कशाला बोलू? पण भरीत संपत आलं होतं, म्हणून मी माझंच ताट पुढे केलं.