कौसाबाईचं बोट

मी बोलतेय ती पहिली आवृत्ती. दुसरी नव्हे, तिसरी सुधारित वगैरे तर मुळीच नव्हे! राजदूत विश्राम सोनावळे यांच्या पहिल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती, आणि तीही सहीची. माझ्यासारख्या आता कितीशा उरल्यात? तेव्हा थोडी ताठ्यात बोलले तर समजून घ्या.

साहेबांचं नाव जगभर झालं, पण माझ्यावर सही करून त्यांनी मला कुठल्या मंत्र्याला दिलं नाही. ते मला घेऊन थेट मोरिवलीला गेले, कौसाबाईकडे. शिकत असताना ते तिच्याच घरी राहायचे. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'कौसावहिनीस, जिच्या भाकरीवर मी शिकलो', आणि खाली सही केली. कौसाबाईला अक्षरओळख नाही. साहेबांनी तिचं बोट धरून नावावरून फिरवलं. म्हणाले, "वहिनी, ह्या तुम्ही."

तेव्हापासून रोज दुपारी भाकऱ्या आटोपल्या, की ती मला मांडीवर घ्यायची आणि नावावरून बोट फिरवायची. पिठाचं बोट! आधी मी फार वैतागायचे. पान मळतं ना माझं! पुढे सवयच लागली. एखाद्या दुपारी तिला उशीर झाला तर मला करमायचं नाही.

मग साहेब वारले. त्यानंतर कौसाबाईला अर्धांगाचा झटका आला, डावं अंग गेलं. तिच्या नातवानं, दिपेशनं, घर आवरताना मला जुन्या वह्यांबरोबर उल्हासनगरच्या रद्दीवाल्याला देऊन टाकलं. पोरगा वाईट नाही हो. त्यानं मला कधी उघडूनच पाहिलं नव्हतं.

त्या रद्दीतून मला विनीतनं उचललं. हा बँकेतून रिटायर झालेला, चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहणारा, साहेबांच्या सहीच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचं वेड लागलेला माणूस. त्याच्याकडे सगळ्या होत्या, मी तेवढी नव्हते. सही बघून त्यानं मला छातीशीच धरलं. रद्दीवाला हसला, "साईं, किताब है, सोना थोडी है!"

घरी आल्यावर मात्र त्याचं तोंड वाकडं झालं. बायकोला म्हणाला, "सोनिया, हे बघ ना. वर कुणा कौसावहिनीचं नाव आहे. नुसती सही पाहिजे होती यार! प्रदर्शनात लोक म्हणतील, ह्यानं दुसऱ्याची प्रत आणून लावली."

अंबरनाथला साहेबांच्या पुस्तकांचं प्रदर्शन भरणार होतं. विनीतचं अख्खं कपाट तिथे मांडलं जाणार होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं नाव बोर्डावर लागणार होतं. त्यासाठी तो दिवस मोजत होता.

त्यानं अर्धं ब्लेड घेतलं आणि ती ओळ हलक्या हातानं खरवडून काढली. मग नखानं जागा घोटून गुळगुळीत केली. मला काय वाटलं ते सांगवत नाही. सही तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काचेच्या कपाटात, कुलपात बंद होते. तेवढ्यात पिठाचा वास आला. माझं पुठ्ठ्याचं कव्हर आपोआप उचललं गेलं आणि पानावर बोट टेकलं. अगं बाई, तेच बोट! मागे हात नाही, माणूस नाही, नुसता तो ओळखीचा दाब. खरवडलेल्या जागेवर ते फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग मला सोडून शेजारच्या पुस्तकात शिरलं. तिथे नाव सापडेना, तर साहेबांच्या सहीवरच घासत राहिलं.

संध्याकाळी विनीतनं कपाट उघडलं आणि किंचाळलाच. शेजारच्या पुस्तकातली सही फरकटली होती. "सोनिया, ओला हात लावलास का?"

"मी कशाला हात लावू तुमच्या खजिन्याला? चावी तुमच्याच खिशात असते ना?"

रोज दुपारी एकेक सही पुसली जाऊ लागली. त्यानं कुलूप बदललं, कपाट हलवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी माझी एकटीची सही उरली, तेव्हा तो दुपारी मला मांडीवर उघडून बसला. त्याच्या डोळ्यांदेखत पान दबलं. कागदावर पांढरं पीठ उमटलं. बोट माझ्यावरून उतरून त्याच्या तळहातावर गेलं आणि तिथेही नाव चाचपायला लागलं. विनीतनं झटकन हात मागे घेतला.

सोनिया दारात उभी होती. तिनंही ते पाहिलं. "अहो, जिचं आहे तिला नेऊन द्या," ती एवढंच बोलली.

रद्दीवाल्याकडून पत्ता काढून विनीत मला घेऊन मोरिवलीत गेला. कौसाबाई खाटेवर पडून होती. तिचं उजवं बोट गोधडीवर सारखं फिरत होतं. दिपेश म्हणाला, "आजी रोज दुपारी असंच करते काका. काय शोधते, कळत नाय."

विनीतनं मला तिच्या बोटाखाली ठेवलं. बोट त्या गुळगुळीत जागेवर गेलं आणि थांबलं.

"माजं नाव कमी केलं?" तिनं विचारलं. "रेशनकार्डावरनं मेल्या माणसाचं करत्यात, तसं?"

विनीतनं खिशातलं पेन काढून घाईघाईनं नाव पुन्हा लिहिलं आणि तिचं बोट त्यावर नेलं.

"ह्यो हात त्याचा नाय," ती म्हणाली. मग अगदी शांतपणे बोलली, "मंग मी मेले कवा? मला कुनी सांगितलं बी नाय." आणि तिनं बोट मुठीत मिटून घेतलं.

विनीत मला तिथेच ठेवून गेला. जाताना रडत होता. त्याच्या कपाटात आता बोट जात नसणार. माझ्याकडेही येत नाही. कौसाबाई जेवत नाही. दिपेशनं पेज भरवायला घेतली, की म्हणते, "मेल्या माणसाला कशाला चारतोस?"

मी तिच्या उशाशी पडून आहे. ती जिवंत आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, पण मला तोंड नाही आणि तिला वाचता येत नाही. या घरात सगळे तिला आजी म्हणतात. नावानं हाक मारणारे सगळे गेले. म्हणून तुम्हाला विनवते, मोरिवलीकडे आलात तर या दारात पाच मिनिटं थांबा. आत बघून 'कौसावहिनी' अशी हाक मारा. जरा मोठ्यानं मारा, तिला कमी ऐकू येतं.