भाऊबिजेचं खातं

रुपराव बहिणीच्या घरात शिरला तो चपला न काढताच. मागे त्याची बायको मिनल, तोंड फुगवून. वंदनाने साडीला फॉल लावायचं मशीन थांबवलं. कॉलेजात प्राध्यापक असलेला भाऊ भाऊबीज सोडून लकडगंजातल्या तिच्या घरी पाऊल टाकत नसे.

"तुह्यापायी मले इन्कम टॅक्सची नोटीस आली!"

"म्या काय केलं गा भाऊ?"

"आठ वर्षं दर भाऊबिजेले तुह्या पोस्टातल्या पीपीएफ खात्यात पन्नास हजार टाकले. माझी बचत म्हणून टॅक्समध्ये सूट घेतली. आता सीए म्हणते, सूट बायको-पोरांच्या खात्यावर भेटते, बहिणीच्या नाही. मागच्या तीन वर्षांचा टॅक्स अन् वर व्याज! पोस्टातून काढ अन् दे मले."

"तुमचं म्हातारपण आम्ही पोसायचं, वन्सं," मिनल म्हणाली, "अन् फास बी आमच्याच गळ्याले?"

म्हातारपण! नवऱ्याने टाकल्यापासून वंदना मशीनवर पोट भरत होती. शिल्लक काही राहत नव्हतं. म्हातारपणासाठी होतं ते एवढं खातंच. आणि तेही कुणी दान दिलेलं नव्हतं. बाप गेल्यावर नरखेडच्या संत्राबागेतला आपला हिस्सा तिने हक्कसोडपत्रावर सही करून भावाला दिला होता. हिस्सा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, असं चौघांनी तिच्या गळी उतरवलं होतं. त्या बदल्यात दर भाऊबिजेला खात्यात पैसे टाकीन, हा शब्द रुपरावनेच दिला होता. नातेवाइकांत त्याने ती रक्कम ओवाळणी म्हणून मिरवली आणि सरकारदरबारी स्वतःची बचत म्हणून.

"भाऊ, ओवाळणी माझी का तुही?"

"तुही."

"मंग तुही बचत म्हणून काहून दाखवली? मले इचारलं होतं?"

"जास्त शहाणपण नको शिकवू वं!"

"खाल्ल्या घरचे वासे मोजून राहिल्या," मिनल पुटपुटली.

वंदना उठली. "भरतो मी. सारा टॅक्स, व्याजासकट. उद्याच पोस्टात जातो."

रुपरावच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"फक्त बागेतला माझा हिस्सा माझ्या नावावर करून दे."

मिनलने नवऱ्याकडे पाहिलं. रुपरावचं तोंड लालबुंद झालं. "बागेचं नाव काढलं तर माहेर मेलं समज!"

"सुतक किती दिवस धरू, तेवढं सांगून जाय."

दारातलं स्टूल लाथेने उडवून तो गेला. त्या वर्षीच्या भाऊबिजेला आला नाही, निरोपही धाडला नाही. शेजारणी विचारत, वंदना मशीन आणखी जोरात चालवी. टॅक्स शेवटी त्यानेच भरला, असं गावाकडून तिच्या कानावर आलं.

मार्चअखेर ती पोस्टात गेली. वर्षाला निदान पाचशे भरले नाहीत तर खातं बंद पडतं, हे तिला ठाऊक होतं. तिने पाचशेची नोट आत सरकवली.

खिडकीतल्या बाईने पासबुक चाळलं. "दरवर्षी पन्नास हजार येत होते न हो? यंदा एवढेच?"

"ते टाकणारा आता टॅक्स भरून राहिला," वंदना म्हणाली. "तुम्ही पाचशेची पावती द्या."