तारेवरची कमळी

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. चारही चाकांना एकदम ताकद मिळणारी, लोक जिला ‘फोर बाय फोर’ म्हणतात ती. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी एका माणसाचा जीव घेतला आहे. दुसऱ्याचा आधी अंगठा मोडला आणि मग पाय नेला. हे काही फुशारकीने सांगत नाही. पण माझा रंग, माझा हॉर्न, माझी ताकद यांचं कौतुक तुम्हाला कुणीही ऐकवेल. हे मात्र मलाच सांगावं लागणार.

कारखान्यात माझ्या अंगावर हिरवा रंग चढला तेव्हा मला वाटलं, आपण डोंगर चढायलाच जन्मलो. पहिली काही वर्षं मी एका साहेबांच्या दिमतीला होते. त्यांचा ड्रायव्हर भला माणूस, रोज सकाळी माझी काच फडक्याने पुसायचा. पण डिझेल वाचवायची त्याला भारी हौस. उतार लागला की गिअर काढायचा आणि मला मोकळी सोडायचा. लोखंडाला असं मोकळं सोडायचं नसतं. एका घाटात ब्रेक तापून निकामी झाले, गिअर परत पडेना आणि मी तीन कोलांट्या खाल्ल्या. साहेब त्या दिवशी नव्हते. ड्रायव्हर माझ्याखाली सापडला. थोडा वेळ त्याच्या कण्हण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. माझी काच त्याने त्या दिवशीही पुसली होती.

मग मला कुणी विचारीना. दोन पावसाळे मी भंगारात गंजत पडले, कुत्री माझ्या सीटवर व्याली. तिथून मला अजिनाथने उचललं. मोडनिंबजवळच्या एका वस्तीवर मेंढरं राखणारं त्याचं घर. त्याने मला टोचन करून सोलापुरात आणलं, सात रस्त्यामागच्या सिद्धप्पाच्या गॅरेजात. सिद्धप्पा अक्कलकोटकडचा, अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलणारा. त्याने माझं इंजिन खोललं, ब्रेक नवे केले आणि पुढच्या बंपरवर विंच बसवला. विंच म्हणजे पोलादी तार गुंडाळणारी चरखी. बटण दाबलं की ती तार ओढून घेते आणि चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढते.

मला घ्यायला अजिनाथ आला तेव्हा त्याची बायको रुपालीही बरोबर होती. सिद्धप्पाने हात पुसले आणि धडा सुरू केला.

“अंगठं स्टेरिंगच्या आत घालू नको. चाक दगडावर आपटलं की स्टेरिंग गर्रकन फिरतंय, अंगठा मोडतंय. हे ल्हान लिवर टाकलं की चारी चाकं वडतंय, ते चिखलातच टाकायचं. डांबरावर टाकलं तर आतली दातं जातंय. उताराला पैल्या गिअरात, क्लच दाबायचं न्हाय. आणि तार ताणली की तिच्यावर कंबळी हाकबेकु! कंबळी न्हाय तर वडणं न्हाय. तिळीतेनु? कळलं काय?”

“कमळी?” अजिनाथ म्हणाला. “आता ही कमळी कोन, आन् तिला कुटनं आनायची?”

गॅरेजातली पोरं खो खो हसली. रुपालीला मात्र कळलं होतं. “अवो, कंबळी म्हंजी घोंगडी, ती तारंवर टाका म्हनत्यात त्ये. तार तुटली तर घोंगडीच्या वजनानं खाली पडती. व्हय की न्हाय, मामा?”

“व्हय अक्का, तुला कळलं,” सिद्धप्पा म्हणाला. “ह्याचा कान फुटलाय.”

मित्रांनो, त्या हशात मीही होते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक विचाराल तर ती हीच.

घरी आल्यावर अजिनाथने वडिलांकडे घोंगडी मागितली. बिरप्पांच्या खांद्यावर कायम एक काळी घोंगडी असे, भंडाऱ्याने पिवळी झालेली. याच घोंगडीवर बिरुदेवाला बसवायचे, याच घोंगडीवर हात ठेवून वस्तीवरचे तंटे मिटायचे. तिला पाय लागला तर म्हातारा आधी तिच्या पाया पडायचा आणि मग पाय लावणाऱ्याला शिव्या द्यायचा.

“देवाचं आसन त्या लोखंडावर टाकू व्हय?” बिरप्पा कडाडले. “परत तोंडातनं काडलंस तर याद राख!”

अजिनाथने परत काढलं नाही. दुसरं जाड कांबळं विकत आणावं, हेही त्याच्या मनात आलं नाही. विषय तिथेच भिजत घोंगड्यासारखा पडून राहिला. रुपालीने एकदा दोनदा आठवण केली, तर तिला उत्तर मिळालं, “तू चुलीकडं बघ.” करकंबच्या माहेरी ती उसाचा ट्रॅक्टर चालवायची, पण मला हात लावायची तिला परवानगी नव्हती. अंगणात मला धुताना तेवढी ती स्टिअरिंगवर बसून लहान लिव्हर पुढेमागे करून बघायची. अंगठे बाहेर ठेवून, बरं का.

अजिनाथचे अंगठे आतच असत. एका माळावर माझं पुढचं चाक खडकावर आदळलं, स्टिअरिंगने हिसका दिला आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं हाड काडकन मोडलं. त्याने मला दोन लाथा घातल्या. अंगठा वाकडाच जुळला. माणूस यातून शहाणा होईल असं मला वाटलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी!

पुढे माझं नाव झालं. करकंबपासून मोडनिंबपर्यंत कुठेही उसाची ट्रॉली काळ्या रानात रुतली की लोक अजिनाथला फोन करायचे. मी जायचे, तार सोडायचे आणि दहा माणसांना न हललेली ट्रॉली ओढून काढायचे. लोक शिट्ट्या मारायचे, माझ्या बॉनेटवर थापा मारायचे. तार ताणली की कुणीतरी हमखास ओरडायचं, “अज्या, कमळीला बोलव की!” आणि सगळं रान हसायचं. सिद्धप्पाने जीव तोडून सांगितलेला नियम असा चेष्टेत बुडाला. तारेचे दोनचार पेड तुटून काट्यासारखे वर आले होते. सिद्धप्पाने फोनवर बजावलं, तार बदल. अजिनाथ म्हणाला, “अजून लई वडंल ती.”

मग तो दिवस आला. परतीच्या पावसाने चार दिवस झोडपलं होतं. बिरप्पांची पंधरा गाभण मेंढरं उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवायची म्हणून बसवेश नावाच्या ड्रायव्हरची पिकअप ठरवली होती. मागे मेंढरांजवळ अजिनाथची आई, केराबाई, बसली होती. बसवेशने ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली. पाण्याने पिकअप फरशीवरून खाली ढकलली आणि ती कलती होऊन गाळात बसली. बसवेश कसाबसा काठाला लागला. केराबाई मागेच अडकली.

अजिनाथ, रुपाली आणि बिरप्पांना घेऊन मी पोचले तेव्हा दुपार होती. पाणी पिकअपच्या फाळक्याला लागलं होतं. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढून ओरडत होती. एक मेंढी आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेली, तिचं डोकं दोनदा वर आलं आणि मग दिसेनासं झालं.

“आगं, सोड मेंढरं! पान्यात उडी टाक, आमी धरतो!” बिरप्पा काठावरून ओरडले.

“गाभण हायती, कुटं सोडू?” केराबाईचा आवाज आला. सोडायचं ठरवलं असतं तरी त्या ओढीत म्हातारी उभी राहिली नसती.

अजिनाथने मला काठावर उभं केलं, पुढच्या चाकांना दगड लावले, कमरेला दोर बांधून पाण्यात शिरला आणि पिकअपच्या पुढच्या आकड्यात तारेचा हूक अडकवून आला. शूर होता तो, हे मी नाकारणार नाही. मग बटण हातात घेऊन तो थेट तारेजवळ उभा राहिला. तार चरखीवर नीट बसावी म्हणून तिच्यावर पाय ठेवायची त्याला सवय होती.

“अवो, लांब व्हा!” रुपाली ओरडली. “मामा, घोंगडी द्या! तारंवर टाकायची हाय!”

बिरप्पांनी घोंगडी छातीशी आवळली. “देवाची हाय ती, पोरी.”

“कमळी नको आन् बिमळी नको,” अजिनाथ म्हणाला. “आई बुडाय लागलीय तितं!” आणि त्याने बटण दाबलं.

तार ताणली. पिकअप हातभर हलली. तारेचे पेड एकामागून एक तुटताना मला बंपरमध्ये जाणवत होते. पण मला बोलता येत नाही, मित्रांनो. माझं हे दुःख कुणाला सांगू? मग तड असा आवाज झाला. मधोमध तुटलेली तार परत फिरली आणि कोयत्याने ऊस तोडावा तशी अजिनाथच्या नडगीवर बसली. माझी काच फुटली. अजिनाथ खाली पडला तेव्हा त्याचा पाय भलत्याच दिशेला वळलेला होता. रक्त चिखलात जिरेना, ते वरच साचायला लागलं. तिकडे पिकअप पुन्हा मागे घसरली आणि केराबाई कमरेएवढ्या पाण्यात गेली.

बिरप्पांनी डोक्याचा पटका सोडला आणि तोच पोराच्या मांडीला करकचून बांधला. पटका म्हणजे त्यांची अब्रू. ती सोडताना त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. रुपालीने गाठ ओढून बघितली, उठली आणि सासऱ्यासमोर हात पसरला.

“मामा, पटका दिलासा. आता घोंगडी द्या. न्हाय तर आत्याबाईंनी काय पांगरायचं? ओढ्याचं पानी?”

बिरप्पांनी पाण्याकडे बघितलं. केराबाई आता ओरडतही नव्हती, फक्त एका मेंढीला धरून उभी होती. त्यांनी घोंगडी कपाळाला लावली आणि सुनेच्या हातात दिली.

तार आता तोकडी पडली होती. मला पाण्याजवळ न्यावं लागणार होतं, निसरड्या उतारावरून. रुपाली माझ्या स्टिअरिंगवर बसली. लहान लिव्हर टाकला, पहिला गिअर घातला, अंगठे बाहेर काढले. क्लचला पाय लावला नाही की ब्रेक दाबला नाही. इंजिनाच्या जोरावर मी मुंगीच्या पावलांनी उतरले, एक चाकही सरकलं नाही. त्या उतारावर मला माझा पहिला ड्रायव्हर आठवला. त्याला हे कुणी शिकवलं असतं तर!

बसवेशने तारेच्या तुटक्या टोकाचा फासा करून त्यावर माझ्या पेटीतल्या लोखंडी क्लिपा आवळल्या, पाण्यात शिरून तो आकड्यात घातला आणि पिकअपच्या स्टिअरिंगवर जाऊन बसला. रुपालीने माझं बॉनेट उघडून उभं केलं, म्हणजे तार आली तर आधी त्यावर येईल. भिजून दगडासारखी जड झालेली घोंगडी तारेवर मधोमध टाकली. मग सासऱ्याच्या मदतीने नवऱ्याला ओढत लांब नेलं आणि बटणाची दोरी पुरेल तितकी बाजूला जाऊन उभी राहिली.

“दाब की!” अजिनाथ दात खाऊन म्हणाला.

तिने दाबलं. मी जन्मात ओढलं नव्हतं तसं ओढलं. पिकअपची पुढची चाकं गाळातून सुटली, मग मागची सुटली आणि चारही चाकं काठाच्या मुरमावर चढली. त्याच क्षणी तार पुन्हा तुटली. ती परत फिरली, पण या वेळी तिच्या मानगुटीवर घोंगडी होती. तारेने घोंगडी मधोमध टरकावली, तिच्यातच गुंतली आणि माझ्या बंपरपासून चार हातांवर चिखलात पडली. बसवेशने हँडब्रेक ओढला होता. केराबाई खाली उतरली, पोराचा पाय बघितला आणि तिथेच बसली.

अजिनाथला माझ्यातूनच सोलापूरला नेलं. माझ्या फरशीवर त्याचं रक्त डचमळत होतं, केराबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तशातही डांबरी रस्ता लागताच रुपालीने लहान लिव्हर मागे घेतला. पाय वाचला नाही. माणूस वाचला.

आता माझ्या विंचवर नवी तार आहे. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! अजिनाथ कृत्रिम पाय लावून अंगणात खुर्चीवर बसतो. आता ट्रॉल्या काढायला मला रुपाली नेते. ती निघाली की तोच तार बोटांनी चाचपून देतो, वाकड्या अंगठ्याने एकेक पेड तपासतो. फाटलेल्या घोंगडीचा एक तुकडा बिरप्पांच्या खांद्यावर असतो. दुसरा माझ्या पेटीत. रुपालीबरोबर ते स्वतः येतात, तुकड्यावर चिमूटभर भंडारा टाकतात, पाया पडतात आणि मग तो तारेवर पसरतात. “देव आता कामाला लागलाय,” असं म्हणतात.

रुतलेल्या ट्रॉलीभोवती लोक अजूनही गर्दी करतात, मोबाइल वर धरून पुढे पुढे सरकतात. तेव्हा म्हातारा जोरात विचारतो, “कमळी आली का?”

“आली!” म्हणत माणसं मागे सरतात. आता कुणी हसत नाही.

मित्रांनो, मला पुसा, वंगण घाला, गंजू देऊ नका, हे मागणं तर आहेच. तेवढं मागायचा हक्क म्हातारपणी असतो. पण माझ्यावर खरोखर माया असेल तर तार ताणलेली असताना माझ्याजवळ येऊ नका. लांब उभे राहा.