सावली समजावणारी चिमी

पोर हुशार निघाली की काही बापांच्या अंगात येतं. आपला हा विमा अधिकारी त्यांतलाच. सहा वर्षांची चिमी मोठ्यांची पुस्तकं वाचायची, यात त्याचं कर्तृत्व शून्य; पण छाती त्याची फुगायची. तिच्या बाहुल्या त्याने माळ्यावर टाकल्या. "अशा मेंदूला खेळणी कशाला?" पहिलीतून उचलून तिला थेट चौथीत बसवायचं, म्हणून उद्या तो शाळेत जाणार होता. त्याआधी ऑफिसातल्या साहेबांना चहाला बोलावून घरी प्रदर्शन!

पडदे ओढले, दिवे घालवले, चिमीच्या हाती टॉर्च दिला. "सांग बेटा, सावली कशी पडते?"

चिमीने फुलदाणीवर उजेड टाकला आणि घडाघडा सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. कळलं किती, कुणास ठाऊक. तेवढ्यात टॉर्च हलला आणि भिंतीवरची सावली सरसर छतापर्यंत गेली. चिमी किंचाळली. तिचा फ्रॉक ओला झाला.

साहेब फिदीफिदी हसले. बाप खेकसला, "सावली शिकवतेस आणि सावलीलाच घाबरतेस? लाज आणलीस!"

आत्याने दिवे लावले. बापाची ही थोरली बहीण लहान मुलांची डॉक्टर. चिमीला कडेवर घेत ती म्हणाली, "लाज तू आणलीस! अरे, मेंदू सगळा एकदम वाढत नाही. एखाद्याची समज पुढे धावते, पण भीती आवरायला शिकायला वर्षं जावी लागतात. डोकं दहाचं असेल तिचं, काळीज सहाचंच आहे."

"पण ताई, तिला कळतं ना सगळं!"

"झुरळ काही करत नाही हे तुलाही कळतं. मग काल बाथरूममधून टॉवेल सावरत कोण पळत आलं?"

साहेब पुन्हा हसले, या वेळी बापाला! त्याचं तोंड एवढंसं झालं. चिमी मात्र हसली नाही. डोळे पुसत ती म्हणाली, "बाबा, मी हाकलते ना झुरळ. तुम्ही घाबरू नका."

बापाला भरून आलं. साहेबांचा चहा तसाच ठेवून तो माळ्यावर चढला आणि बाहुल्या खाली घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला, पण चिमीला तिच्याच वर्गात जरा मोठी पुस्तकं मिळावीत एवढंच मागायला.

तेव्हा मंडळी, हुशार मुलाच्या डोक्याला खुशाल खाऊ द्या. पण त्याला दिवाणखान्यातली शोभेची वस्तू करू नका. ते घाबरलं तर आधी दिवा लावा. सावली कशी पडते, ते नंतर विचारा.